नव्या जागी माणसं जोडायची, मदत मागायची आणि भांडण मिटवायचं कसं: पायरी पायरीने

नवी नोकरी, नवा वर्ग, नवं हॉस्टेल, काहीही असो, पहिल्या आठवड्यात डोक्यात तीनच प्रश्न घोळत असतात, यांना आपण आवडू का, अडलो तर कोणी धावून येईल का आणि कोणाशी वाजलं तर काय करायचं. मी यातून बऱ्याचदा गेलेय आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच दोष दिलाय, की बोलक्या माणसांचं पटकन जमतं, आपला स्वभावच नाही तसा. पुढे सोशल सायकॉलॉजी, म्हणजे माणसं एकमेकांशी कशी वागतात याचं शास्त्र, वाचायला लागले आणि कळलं की स्वभावाला आपण फारच मोठं मानतो, तुम्ही कुठे बसता, घाईत आहात का, आजूबाजूला किती लोक आहेत, समोरच्याबरोबर तुमचं काही सामाईक काम आहे का, या असल्या साध्या गोष्टी कितीतरी जास्त ठरवून टाकतात. स्वभाव बदलायला वर्षं जातील पण बसायची जागा आज दुपारी बदलता येते. म्हणून इथे सगळा भर अशाच गोष्टींवर ठेवलाय, ज्या तुम्ही आजच करू शकता, आणि कुठलीही पायरी का काम करते तेही सोबत सांगितलंय, कारण त्यामागचं कारण कळल्याशिवाय नुसती युक्ती दोन दिवसांत विसरायला होते.

पायरी १: बसायची जागा विचार करून निवडा

ही पायरी ऐकायला फालतू वाटते, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा हीच देते. १९५० मध्ये लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या वेस्टगेट नावाच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकणाऱ्या जोडप्यांची ती घरं होती, कोणाला कुठलं घर मिळणार हे त्यांच्या हातात नव्हतं, जे रिकामं होईल ते मिळायचं. तिथे लोकांना विचारलं की तुमची जवळची मैत्री कोणाशी आहे, तर त्याच मजल्यावरच्या अगदी शेजारच्या दारातल्यांची नावं ४१ टक्के वेळा आली, एक दार सोडून पलीकडच्यांची २२ टक्के आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्यांची फक्त १० टक्के. म्हणजे काही पावलांचं अंतर आणि मैत्रीत एवढा फरक! त्याहून मजेशीर म्हणजे जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशीही ओळख जास्त होती, कारण येता जाता सगळे त्यांच्याच दारावरून जायचे.

तर करायचं काय, की कोपऱ्यातली शांत जागा सोडायची आणि जिथून लोक जातात तिथे बसायचं, पाण्याच्या मशीनजवळ, दाराजवळ, जिन्याजवळ. आणि शक्यतो रोज तीच जागा, तीच वेळ. कारण नुसतं वारंवार दिसणं हेही काम करतं. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली की ती आपल्याला जास्त आवडायला लागते, मग ती माणसाचा चेहरा असो की अर्थ माहीत नसलेला शब्द. १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच यांनी चार तरुणींना एका मोठ्या वर्गात नुसतं येऊन बसायला सांगितलं, एक ०, एक ५, एक १० आणि एक १५ वेळा आली, कोणाशीच बोलली नाही. सेमिस्टर संपल्यावर विद्यार्थ्यांना फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आकर्षक वाटली, आणि ही रोज वर्गात यायची हे बहुतेकांना आठवतसुद्धा नव्हतं.

(जाता जाता, आपला फोटो आपल्याला विचित्र का वाटतो याचंही उत्तर इथेच आहे. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रांना मात्र सरळ फोटो, कारण जो जे रोज बघतो ते त्याला बरं वाटतं. त्यामुळे ग्रुप फोटोत आपणच वाईट दिसतो असं वाटून मागे लपू नका.)

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वारंवार दिसणं म्हणजे कोणाच्या मागे मागे फिरणं नव्हे. सुरुवातच वाईट झाली असेल तर जवळीक उलट नावड वाढवते, १९७६ च्या एका अभ्यासात लोकांचे नावडते लोकसुद्धा जवळच राहणारे निघाले होते. ज्या माणसाने एकदा अंग काढून घेतलं, उत्तरं तुटक द्यायला लागला, त्याच्या वाटेत मुद्दाम येणं ताबडतोब बंद करायचं, तिथे ही पायरी लागू होत नाही.

पायरी २: बोलताना पुढचा प्रश्न विचारा आणि स्वतःबद्दल थोडं थोडं सांगा

बरेच नवखे लोक बोलायला काय विषय काढू याचीच काळजी करत बसतात. विषय कुठलाही चालतो हो, महत्त्वाचं असतं ते समोरच्याने जे सांगितलं त्याच्यावरच पुढचा प्रश्न विचारणं. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच मोजलं, जे लोक जास्त प्रश्न विचारतात, आणि त्यातही आधीच्या उत्तराला धरून विचारतात, ते समोरच्याला जास्त आवडतात, कारण त्यातून हा ऐकतोय हे कळतं. कोणी म्हणालं की मागच्या वर्षी मी टीम बदलली, तर लगेच आपली टीमची कहाणी सुरू करू नका, का बदलली, नवीन टीम कशी वाटते, हे विचारा.

पण फक्त प्रश्नच विचारत राहिलात तर ती चौकशी होते, मुलाखतीसारखं वाटायला लागतं. त्यामुळे स्वतःबद्दलही सांगायचं, फक्त पायरीपायरीने. आर्थर ॲरन यांनी १९९७ मध्ये अनोळखी लोकांच्या जोड्या लावून त्यांना ४५ मिनिटं दिली आणि ३६ प्रश्न दिले, सुरुवातीचे साधे आणि पुढे पुढे जास्त खासगी होत जाणारे, दोघांनीही उत्तरं द्यायची. इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल कितीतरी जास्त जवळीक वाटली. प्रश्नांची जादू वगैरे काही नाही त्यात, दोघांनी बरोबरीने आणि हळूहळू उघडत जाणं हे त्यातलं खरं. पहिल्याच भेटीत सगळं दुःख ओतलंत तर समोरचा बिचारा गांगरतो, आणि त्याने मन मोकळं केल्यावर तुम्ही गप्प बसलात तर तो मिटतो.

आता मला सगळ्यात जास्त दिलासा ज्यातून मिळाला ते सांगते. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांच्या गप्पा झाल्यावर दोघांना वेगवेगळं विचारलं, की तुला तो किती आवडला आणि त्याला तू किती आवडलास असं तुला वाटतं. बहुतेकांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खऱ्यापेक्षा कमी दिलं. म्हणजे आपण जातो घरी आणि रात्रभर आठवत बसतो की अरे मी ते असं काय बोललो, आणि समोरच्याला मात्र आपण छान वाटलेलो असतो, आणि तोही तिकडे हाच विचार करत पडलेला असतो. एका खोलीत राहायला आलेल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला. म्हणून पहिल्या भेटीनंतर स्वतःच ठरवून टाकायचं, की आपण आवडलो असू, आणि तसंच वागायचं.

हे मनाची समजूत घालायला म्हणत नाहीये. १९८६ मध्ये कर्टिस आणि मिलर यांनी काही जणांना आधीच सांगितलं की समोरच्याला तू आवडलास, काहींना सांगितलं की नाही आवडलास, आणि दोन्ही गोष्टी अशाच सांगितलेल्या होत्या, त्यात खरं काही नव्हतं. ज्यांना आवडलास सांगितलं ते पुढच्या गप्पांत मोकळेपणाने बोलले, कमी विरोध केला, सूर चांगला ठेवला आणि शेवटी समोरच्याला ते खरोखरच जास्त आवडले. आपण दुरावा गृहीत धरला की आपणच तो तयार करतो.

पायरी ३: ओढ वाटली तर घाई करू नका

दिसण्याचं काय, असं कोणीतरी विचारणारच. दिसण्याचा परिणाम होतो, नाकारण्यात अर्थ नाही. १९६६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ७५२ नव्या विद्यार्थ्यांसाठी डान्स ठेवला, कॉम्प्युटरने जोड्या जुळवल्यात असं सांगितलं आणि प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कशाही जोड्या लावल्या, तर पुन्हा भेटायला आवडेल का याचं उत्तर बुद्धी, स्वभाव यातल्या कशावरही ठरलं नाही, समोरचा दिसायला कसा यावरच ठरलं. पण ती एका संध्याकाळची ओळख होती. २०१५ च्या एका अभ्यासात १६७ जोडप्यांना बघितलं तर जे भेटल्या भेटल्या जोडीदार झाले त्यांचं दिसणं एकमेकांना साधारण तोडीस तोड होतं, आणि जे आधी बराच काळ नुसते ओळखीचे किंवा मित्र होते त्यांच्यात ते तसं जुळलेलंच नव्हतं. ओळख जुनी झाली की माणूस माणसाला वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

पुलाचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. १९७४ मध्ये डटन आणि ॲरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या सुमारे २३० फूट उंचीवर झुलणाऱ्या पुलावर पुरुषांना एका तरुणीकडून प्रश्न विचारले आणि तिने फोन नंबर दिला. त्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला, कमी उंचीच्या भक्कम पुलावर १६ पैकी फक्त २ जणांनी. छातीत धडधड पुलामुळे होत होती आणि तिचं श्रेय गेलं तरुणीला. यातून मी घेतलेला व्यवहारी धडा असा की ट्रेक, स्पर्धा, डेडलाइनची रात्र अशा धडधडीच्या वेळी कोणाबद्दल काही वाटलं तर लगेच काही कबूल करू नका, दोनचार साधे कंटाळवाणे दिवस जाऊ द्या, मग बघा काय उरतं.

आणि विरुद्ध स्वभावाची माणसं एकमेकांकडे ओढली जातात हे वाक्य विसरा. थिओडोर न्यूकम यांनी मिशिगन विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलांना एकाच घरात फुकट राहायला दिलं आणि त्याबदल्यात आठवड्यागणिक त्यांची मतं आणि मैत्री नोंदवली, सुरुवातीला कोण कोणाच्या शेजारच्या खोलीत यावर मैत्री ठरली आणि जसजसे महिने गेले तसतशी ज्यांची मतं जुळायची त्यांची जमत गेली. म्हणून पहिल्या महिन्यात शेजारी कोण याचा फायदा घ्या पण आपल्यासारखं वाचणारी, खेळणारी, विचार करणारी माणसं दुसऱ्या टोकाला असतील तर तिथपर्यंत चालत जा.

पायरी ४: छोटी मदत मागा

नवीन माणूस मदत मागायला लाजतो, आपण ओझं होऊ असं त्याला वाटतं. फ्लिन आणि लेक यांच्या २००८ च्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडून छोटी कामं करून घ्यायची होती, फॉर्म भरून घेणं, फोन दोन मिनिटं मागणं वगैरे, आणि किती जणांना विचारावं लागेल याचा आधी अंदाज सांगायचा होता. काही कामांत अंदाज खऱ्याच्या जवळपास दुप्पट निघाला. लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी सहज हो म्हणतात, कारण तोंडावर नाही म्हणणं त्यांनाही अवघड जातं (आणि म्हणूनच मोठी मदत मागताना समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा).

मागितल्याने माणूस दुरावत नाही, उलट जवळ येतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्याला विरोध करणाऱ्या एका विधिमंडळ सदस्याकडे त्याच्या संग्रहातलं दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितलं, आठवड्याने आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं आणि तो माणूस पुढे कायमचा मित्र झाला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९६९ मध्ये जेकर आणि लँडी यांनी हे प्रयोगात बघितलं, जिंकलेले पैसे प्रयोग घेणाऱ्याने वैयक्तिक विनंती करून परत मागितले तेव्हा ज्यांनी ते दिले त्यांना तो माणूस जास्त आवडला. मी याला मदत केली म्हणजे हा बरा माणूस असणार, असं आपलं मन आपल्याच वागण्यावरून ठरवतं.

मागायचं मात्र स्पष्ट, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. जरा बघशील का, यापेक्षा या तीन ओळींमधली चूक सापडत नाहीये, दहा मिनिटं देशील का, हे फार चांगलं.

पायरी ५: कोणी अडचणीत दिसलं तर

इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण यात कोणाचा जीवही असू शकतो.

१३ मार्च १९६४ ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा घराजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की ३८ जण बघत होते आणि हल्ला चालू असताना कोणीच पोलिसांना फोन केला नाही. पुढे ही बातमी बरीच चुकीची असल्याचं समोर आलं, बघणारे थोडेच होते, बऱ्याच जणांनी फक्त आवाज ऐकला होता, आणि एक शेजारीण तर स्वतः खाली धावत गेली आणि शेवटच्या क्षणी तिने किटीला जवळ धरून ठेवलं होतं. पण त्या बातमीने जॉन डार्ली आणि बिब लाताने यांना एक प्रश्न विचारायला लावला, की गर्दीत माणूस का थिजतो.

१९६८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले, अजून एक जण ऐकतोय असं वाटलं तर ६२ टक्के, आणि अजून चार जण ऐकतायत असं वाटलं तर फक्त ३१ टक्के. न उठलेले दगड नव्हते, संशोधक आत आले तेव्हा त्यांच्या हाताला कंप सुटला होता आणि तो बरा आहे ना, हेच ते आधी विचारत होते. कोणीतरी उठलं असेलच, एवढ्या एका विचाराने त्यांना बांधून ठेवलं होतं.

त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग, फॉर्म भरत बसलेल्या माणसाच्या खोलीत भिंतीतून धूर सोडला. एकटा असेल तर ७५ टक्के लोकांनी जाऊन सांगितलं, पण सोबत दोन जण मुद्दाम निवांत बसवले असतील तर १० टक्क्यांनीच. डोळे चोळत, खोकत, फॉर्म भरत राहिले लोक! सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, कोणीच घाबरलेला दिसत नाही, मग काही झालेलं नसणार असं सगळेच धरून चालतात.

आणि तिसरं घाई. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं, काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हाच होता, आणि वाटेत एक माणूस कण्हत बसवला. वेळ हाताशी असलेले ६३ टक्के थांबले, जेमतेम वेळेत असलेले ४५ टक्के, उशीर झालाय असं सांगितलेले १० टक्के. भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही. मला हा प्रयोग वाचून फार वाईट वाटलं होतं कारण मी स्वतः कितीदा घाईत मान खाली घालून निघून गेलेय ते आठवलं.

म्हणून काहीतरी बिनसलंय असं दिसलं की हे क्रमाने करा. आधी पाय थांबवा, कारण चालता चालता मन कारणं शोधतं. मग दुसऱ्यांचे चेहरे वाचू नका, सरळ त्या माणसालाच विचारा, तुम्ही बरे आहात का, मदत हवी आहे का, तोंडाने विचारलं की शंका संपते आणि आजूबाजूच्यांनाही कळतं की काहीतरी झालंय. मग आजूबाजूच्या गर्दीला मिळून हाक न मारता एकाला निवडा, निळा शर्ट घातलेले दादा, तुम्ही ॲम्ब्युलन्सला फोन करा आणि केल्यावर मला सांगा, ताई तुम्ही इथे धरा. कोणीतरी फोन करा असं ओरडलात तर तो कोणीतरी सापडत नाही. तुम्ही स्वतः पडला असाल तरी हेच, एका माणसाकडे बोट दाखवून बोला. आणि काय करायचं हे माहीत नसेल तर नको तिथे हात न घालता सोबत थांबणं आणि जाणकाराला बोलावणं हीसुद्धा पूर्ण मदत आहे. प्रथमोपचाराचा एखादा दिवसाचा कोर्स करून ठेवलात तर फार बरं, येत नाही म्हणून मागे राहणारे कमी नसतात.

हे नुसतं वाचून उपयोग होतो का? होतो. १९७८ मध्ये ज्या विद्यार्थ्यांना या प्रयोगांबद्दल शिकवलं होतं त्यातल्या ४३ टक्के जणांनी दोन आठवड्यांनी वाटेत दिसलेल्या माणसाला मदत केली, न शिकलेल्यांत २५ टक्क्यांनी. आणि माणसांबद्दल फार निराशही होऊ नका, २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यावरच्या भांडणांची २१९ सीसीटीव्ही चित्रणं तपासली तर १० पैकी ९ वेळा निदान एक तरी जण मध्ये पडलेला होता.

रोजच्या छोट्या मदतीबद्दल एवढंच, की न विचारता सगळं हातातून काढून घेऊन करून देऊ नका. त्याने समोरच्याला आपण कमी आहोत असं वाटतं. कसं करायचं ते दाखवा आणि बाजूला व्हा.

पायरी ६: वाजलं तर

भांडण होणारच, जवळ आलो की होणारच. पहिलं काम म्हणजे स्वतःचा हिशोब तपासणं. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली यांनी जोडप्यांना वेगवेगळं विचारलं की घरातल्या अमुक कामात तुझा वाटा किती, आणि दोघांचे वाटे मिळवले तर बेरीज १०० च्या वर गेली. खोटं कोणीच बोलत नव्हतं, आपण केलेलं आपल्याला आठवतं आणि दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. तसंच आपल्याला उशीर झाला तर ट्रॅफिक आणि दुसऱ्याला झाला तर तो बेफिकीर, हेही आपण सगळेच करतो. त्यामुळे तो असाच आहे, असं मनात आलं की त्याच्या जागी मी असते तर मला कुठली अडचण आली असती, याची दोन तरी उत्तरं शोधा आणि मग बोलायला जा.

दुसरं, धमकी देऊ नका, सुरुवातीला तर मुळीच नाही. डॉइच आणि क्राउस यांनी १९६० मध्ये एक खेळ खेळायला लावला, दोघांच्या ट्रक कंपन्या, जवळचा रस्ता एकच आणि तोही एकेरी, पाळीपाळीने गेलात तर दोघांना फायदा. मग काही जोड्यांत एकाला समोरच्याला अडवायचं फाटक दिलं, काहींत दोघांनाही. फाटकं नव्हती तेव्हा दोघांनी कमावलं, एकाकडे फाटक आल्यावर दोघंही तोट्यात गेले, फाटकवालासुद्धा, आणि दोघांकडे फाटक असताना तोटा सगळ्यात जास्त झाला. मॅनेजरला सांगेन, ग्रुप सोडेन, बोलणं बंद करेन, ही आपली फाटकं. माझं एका सहकारी मुलीशी एका कामावरून बिनसलं होतं तेव्हा मी तीन आठवडे बोलणं बंद ठेवलं, तिने मला कामाच्या मेलमधून वगळलं, मग मी तिला वगळलं, आणि शेवटी काम दोघींचंही अर्धवट राहिलं. त्या वेळी हा खेळ माहीत असता तर बरं झालं असतं.

तिसरं, काय पाहिजे यापेक्षा का पाहिजे ते विचारा. मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२० च्या दशकात स्वतःचाच अनुभव सांगितला होता, लायब्ररीच्या छोट्या खोलीत दुसऱ्याला खिडकी उघडी हवी होती आणि त्यांना बंद, मग शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली, कारण त्याला हवा पाहिजे होती आणि फॉलेटना फक्त थंड वारा थेट अंगावर नको होता. अर्धी खिडकी उघडली असती तर दोघंही कुरकुरत बसले असते. देशांच्या भांडणातही हेच चालतं, १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला १३ दिवस अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर हे इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाकेम बेगिन यांच्यात मसुदे घेऊन ये-जा करत राहिले, सिनाई कोणाकडे हा वाद सुटत नव्हता, पण इजिप्तला आपली जमीन आपल्या ताब्यात हवी होती आणि इस्रायलला सीमेजवळ रणगाडे नको होते, हे वेगळं काढल्यावर जमीन इजिप्तला आणि तिथल्या सैन्यावर मर्यादा, अशी वाट निघाली. दोघांचं समोरासमोर बोलणंच होत नसेल तर दोघांचाही विश्वास असलेला असा तिसरा माणूस घ्या, निकाल देणारा नको, निरोप नीट पोहोचवणारा हवा.

चौथं, बोलायची सुरुवात मऊ ठेवा. जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांची भांडणं रेकॉर्ड करून अभ्यासली आणि त्यांना सगळ्यात घातक दिसला तो तुच्छपणा, डोळे फिरवणं, टोमणा मारणं, नक्कल करणं. टिकणाऱ्या जोडप्यांत भांडतानासुद्धा एका कडू गोष्टीमागे साधारण पाच गोड गोष्टी होत्या. तू नेहमीच असं करतोस, या वाक्याऐवजी काल मीटिंगमध्ये माझं बोलणं मध्येच तुटलं आणि मला वाईट वाटलं, असं म्हणा. छाती धडधडायला लागली, आवाज चढायला लागला की निदान वीस मिनिटं थांबायचं, किती वाजता परत बोलू हे सांगून थांबायचं, नुसतं दार आपटून गेलात तर तो नवा वार होतो. आणि त्या वीस मिनिटांत मनात वाक्यं जुळवत बसू नका. २०१३ चा एक अभ्यास मला फार आवडतो, १२० जोडप्यांपैकी निम्म्यांना दुसऱ्या वर्षी तीन वेळा फक्त सात सात मिनिटं लिहायला सांगितलं, की सगळ्यांचं भलं चिंतणाऱ्या तिसऱ्या माणसाने तुमचं हे भांडण बघितलं तर त्याला काय दिसेल. न लिहिणाऱ्यांचं समाधान घसरत राहिलं, लिहिणाऱ्यांचं घसरणं थांबलं.

पायरी ७: बोलून सुटत नसेल तर एकत्र काम काढा

दोन गटांचं फाटलं असेल तर नुसतं एकत्र बसवून भागत नाही. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे साधारण ११ वर्षांची २२ मुलं कॅम्पला नेली, दोन गट केले, ईगल्स आणि रॅटलर्स, स्पर्धा लावल्या आणि काही दिवसांत झेंडे जाळणं, दुसऱ्यांच्या खोलीत घुसणं सुरू झालं. (मुलांना किंवा त्यांच्या घरच्यांना खरा हेतू सांगितला नव्हता, आज असं करू देणार नाहीत आणि देऊही नये.) मग एकत्र जेवायला, सिनेमाला बसवलं, तर एकमेकांवर खाणं फेकलं. शेवटी पाणी बंद पडलं, टाकीपर्यंतची पाइपलाइन सगळ्यांनी मिळून तपासावी लागली, ट्रक अडकला तो एका गटाला ओढणं शक्य नव्हतं, आणि ज्या दोराने त्यांनी रस्सीखेच खेळली होती त्याच दोराने सगळ्यांनी मिळून तो ओढला. एका कामाने लगेच काही झालं नाही, दुपारी मिळून काम केलं आणि संध्याकाळी परत भांडण, पण अशी कामं येत गेली तसं वैर ओसरलं. परतताना बहुतेक मुलांना एकाच बसमधून जायचं होतं आणि रॅटलर्सनी बक्षिसात मिळालेल्या ५ डॉलरमधून सगळ्यांना मिल्कशेक पाजला.

तुमच्या टीममध्ये, वर्गात, फ्लॅटमध्ये दोन तट पडले असतील तर असं काम शोधा जे खरंच दोन्हीकडच्या माणसांशिवाय होणार नाही, लुटूपुटूचं नको. आणि एकदा करून थांबू नका, तीनचार वेळा करा.

आणि समोरून काहीच हालचाल नसेल तर? चार्ल्स ऑसगूड यांनी १९६२ मध्ये, शीतयुद्धाच्या ऐन भरात, सुचवलेली पद्धत वापरा: एक छोटं पाऊल आपणहून टाकायचं, ते टाकतोय हे आधी सांगायचं, कबूल केलं तसंच करायचं, आणि मग समोरच्याची वाट बघायची. १० जून १९६३ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी वातावरणातल्या अणुचाचण्या आपण आपणहून थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाबरोबर मर्यादित चाचणीबंदीचा करार झाला. आपल्या पातळीवर हे म्हणजे, उद्यापासून मी तुला सगळ्या मेलमध्ये ठेवणार आहे, तुझ्याकडून काही अपेक्षा नाही, असं सांगणं आणि खरंच ठेवणं. उत्तर आलं तर पुढचं थोडं मोठं पाऊल. नाही आलं तर आणखी एकदोन छोटी पावलं टाका, आणि तरीही फक्त फायदाच घेतला जातोय असं दिसलं तर तिथे थांबा, जेवढं दिलंत तेवढंच राहू द्या. जिथे मारहाण आहे, पाठलाग आहे, भीती घातली जातेय तिथे यातलं काहीच करत बसू नका, तिथून आधी बाहेर पडा आणि विश्वासातल्या एका माणसाला आजच सांगा, नाव घेऊन, नेमकं काय हवंय ते सांगून, चौथ्या पायरीत सांगितलं तसं.